‘सायकल’ या संज्ञेची कायदेशीर व्याप्ती : अमेरिकेतील राज्यांचे विद्युत्-सायकलविषयक कायदे

कायद्याची भाषा ही मुख्यतः व्याख्यांची भाषा असते. व्यवहारात एखाद्या वस्तूला नाव मिळाले, म्हणून कायद्यातही तिला तेच नाव मिळेल असे नाही. ते दुसरे नाव मिळेपर्यंत त्या वस्तूच्या धन्याला आपले हक्क कोणते आणि आपल्यावर कर्तव्ये कोणती, हे निश्चितपणे कळण्यास मार्ग नसतो. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत विद्युत्-सायकलीच्या बाबतीत हाच अनुभव आला. ही गाडी सायकल समजावी की मोटारसायकल, एवढाच वरवर पाहता प्रश्न. परंतु परवाना लागतो की नाही, नोंदणी व विमा हवा की नको, कोणत्या वयाच्या व्यक्तीने ती चालवावी, कोणत्या मार्गावरून न्यावी आणि न नेल्यास दंड किती, या सर्वांची उत्तरे त्या एका प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून असतात. शिवाय हे उत्तर देण्याचा अधिकार त्या देशात एका संस्थेकडे नाही. वस्तूच्या निर्मितीविषयी मध्यवर्ती सत्ता बोलते, रस्त्यावरील वापराविषयी राज्ये बोलतात, आणि मार्गिका, उद्याने, पदपथ यांविषयी पुष्कळदा नगरसंस्था बोलतात. या तिन्ही सत्तांनी एका संज्ञेची व्याप्ती कशी वाढवीत नेली, याचा कालक्रमाने मागोवा घेणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

आरंभी परिभाषेविषयी एक खुलासा आवश्यक आहे. इंग्रजीत ‘बाइक’ हा शब्द पायडल मारावयाच्या सायकलीला आणि मोटारसायकलीला, दोहोंनाही लागतो. मराठीत तोच शब्द ‘बाईक’ या रूपाने आला तो मात्र मोटारसायकल या एकाच अर्थाने रूढ झाला. पायडलच्या गाडीला मराठी माणूस ‘सायकल’ असेच म्हणतो. त्यामुळे ‘इलेक्ट्रिक बाईक’ म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे पायडल नसलेली, क्रमांकपट्टी लावलेली दुचाकी उभी राहते. न्यू जर्सी किंवा कॅलिफोर्निया येथे राहणाऱ्या मराठी भाषकालाही हा शब्द फसवण्याचा संभव आहे. कारण तेथील कायद्यात या दोन वस्तूंतील अंतर हाच वादाचा विषय आहे. म्हणून पुढील विवेचनात पायडल असून साहाय्यक विद्युत्-मोटर असलेल्या गाडीला ‘विद्युत्-सायकल’ असे म्हटले आहे.

१. सायकलीचे वाहनत्व

विद्युत्-सायकलीचा प्रश्न समजण्यासाठी प्रथम साध्या सायकलीच्या प्रश्नाकडे वळावे लागते. कारण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तीसुद्धा कायद्याच्या दृष्टीने अशीच अनामिक होती. इंग्लंडमध्ये १८३५ च्या महामार्ग-कायद्यात बेफामपणे गाडी हाकणे हा गुन्हा ठरवलेला होता. परंतु तो कायदा झाला तेव्हा सायकल अस्तित्वात नव्हती. १८७९ साली ‘टेलर विरुद्ध गुडविन’ या खटल्यात सायकल ही त्या कायद्याच्या अर्थाने ‘गाडी’ होय असा निर्णय झाला, आणि सायकलस्वार शिक्षेस पात्र ठरला. पुढे १८८८ च्या स्थानिक राज्यकारभारविषयक कायद्याने हीच गोष्ट विधिमंडळाच्या मुखाने सांगितली. म्हणजे इंग्लंडात सायकलीला गाडीचे नाव प्रथम मिळाले ते दंडाच्या निमित्ताने.

अमेरिकेत हेच नाव हक्काच्या निमित्ताने मागितले गेले. १८८० साली न्यूपोर्ट येथे स्थापन झालेल्या ‘लीग ऑफ अमेरिकन व्हीलमेन’ या संस्थेपुढे मुख्य अडचण होती ती अशी, की अनेक शहरांनी सायकलींना उद्यानांतील व हमरस्त्यांवरील प्रवेश नाकारला होता. १८८७ साली न्यूयॉर्क राज्याने कायदा करून सायकलस्वारांना घोडागाडीवाल्यांच्या बरोबरीचे हक्क दिले. टोपेका शहराच्या एका नियमासंबंधी निर्माण झालेल्या खटल्यात कॅन्सस राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १८९० साली असे मत दिले, की सायकल हे वाहन असून सार्वजनिक रस्त्यावरून रीतीप्रमाणे ती चालवणे हे बेकायदेशीर नव्हे. येथे लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही, की ‘वाहन’ या संज्ञेत समावेश होणे म्हणजे रस्त्यावर पाऊल ठेवण्याचा हक्क मिळणे होय. विसाव्या शतकात मात्र याच संज्ञेचा अर्थ बदलला, आणि तिच्यात समावेश होणे हे ओझे होऊन बसले.

२. ‘मानवी बळ’ ही कसोटी

मोटारींची संख्या वाढल्यावर प्रत्येक राज्याचे वाहतुकीचे नियम निराळे असणे गैरसोयीचे होऊ लागले. त्या वेळचे वाणिज्यमंत्री हर्बर्ट हूव्हर यांच्या पुढाकाराने भरलेल्या परिषदांतून १९२६ साली एकरूप वाहनसंहितेचा नमुना सिद्ध झाला. हा नमुना राज्यांवर बंधनकारक नव्हता. तथापि बहुतेक राज्यांनी आपापल्या कायद्यांत त्याची शब्दयोजना थोड्याफार फरकाने उतरवून घेतली. त्या नमुन्यात ‘वाहन’ या संज्ञेतून दोन गोष्टी वगळल्या होत्या : रुळांवरून चालणाऱ्या गाड्या आणि मानवी बळाने चालणारी साधने. एवंच, सुमारे चाळीस वर्षांपूर्वी जे वाहनत्व सायकलस्वारांनी झगडून मिळवले होते, ते संज्ञेच्या पातळीवर त्यांच्याकडून काढून घेण्यात आले; हक्क मात्र स्वतंत्र कलमांनी राखण्यात आले. पुढे १९७५ साली नमुना-संहितेने सायकलीला पुन्हा वाहनांत घेतले. पण अनेक राज्यांच्या कायद्यांतील जुनी वाक्यरचना तशीच राहिली.

या जुन्या वाक्यरचनेतील एकेका शब्दाला पुढे फार मोल आले. कॅलिफोर्नियाच्या वाहनसंहितेत ‘केवळ मानवी बळाने’ चालणारे साधन वाहन नव्हे असे म्हटले आहे. न्यूयॉर्क राज्याच्या कायद्यात मोटार-वाहनाची व्याख्या करताना ‘स्नायुबळाखेरीज अन्य कोणत्याही शक्तीने’ चालणारे वाहन अशी योजना आहे. हे शब्द योजणाऱ्यांच्या मनात चालकशक्तीचे दोन परस्परभिन्न प्रकार होते. माणूस पाय मारतो, नाही तर यंत्र ओढते. दोघांनी मिळून एकच चाक फिरवावे ही कल्पना त्या वाक्यांत कोठेही नाही. विद्युत्-सायकल नेमकी याच अनुल्लेखित जागेत येऊन उभी राहिली. ‘केवळ’ या क्रियाविशेषणाचा काटेकोर अर्थ घेतला, तर मोटरचा लहानसा धक्कासुद्धा तिला सायकलीच्या कक्षेबाहेर घालवण्यास पुरेसा होता.

३. दीर्घ अज्ञातवास

वास्तविक ही वस्तू मोटारीइतकीच जुनी आहे. ओहायो राज्यातील कँटन येथील ऑग्डेन बोल्टन या संशोधकाला ३१ डिसेंबर १८९५ रोजी बॅटरीवर चालणाऱ्या सायकलीचे एकस्व मिळाले. त्यात मोटर मागच्या चाकाच्या तुंब्यातच बसवलेली होती. आजच्या कित्येक विद्युत्-सायकलींची रचना याहून मूलतः भिन्न नाही. दोनच वर्षांनी बोस्टनच्या होझीया लिबी यांनी दोन मोटरींच्या रचनेचे एकस्व घेतले. परंतु शिशाच्या बॅटऱ्यांचे वजन आणि त्यांची अल्प साठवणशक्ती यांमुळे या कल्पना बाजारात रुजल्या नाहीत. वस्तूच प्रचारात नसल्यामुळे कायद्यालाही तिची दखल घेण्याचे कारण पडले नाही.

मध्यंतरी दोन घटना घडल्या. १९६६ साली मध्यवर्ती सरकारने वाहन-सुरक्षेचा कायदा केला आणि सार्वजनिक रस्त्यांवर वापरण्यासाठी बनवलेले, यांत्रिक शक्तीने चालणारे प्रत्येक वाहन त्याच्या कक्षेत आणले. दुसरी घटना म्हणजे १९७३ च्या तेलटंचाईनंतर पेट्रोलच्या लहान इंजिनाची, पायडल असलेली ‘मोपेड’ लोकप्रिय झाली. राज्यांनी तिच्यासाठी सायकल व मोटारसायकल यांच्या मधला एक वर्ग निर्माण केला. इंजिनाचे आकारमान, अश्वशक्ती आणि वेग ही या वर्गाची लक्षणे. इंजिनाची क्षमता घनसेंटिमीटरमध्ये मोजण्याची ही रीत विजेच्या मोटरीला लावताच येत नाही, ही अडचण तेव्हा कोणाच्या ध्यानात येण्याचे कारण नव्हते.

१९९३ साली जपानमध्ये यामाहा कंपनीने पायाच्या जोराबरोबर मोटरचा जोर देणारी सायकल बाजारात आणली. अमेरिकेत १९९४ साली कॅलिफोर्नियात ‘झॅप’ ही कंपनी सुरू झाली, आणि मोटारउद्योगातील विख्यात व्यवस्थापक ली आयकोका यांनीही त्या दशकाच्या उत्तरार्धात विद्युत्-सायकलींच्या व्यवसायात लक्ष घातले. आता प्रश्न टाळता येण्यासारखा राहिला नाही. १९६६ च्या कायद्याचा शब्दशः अर्थ घेतला, तर या गाड्या मोटार-वाहने ठरत होत्या, आणि त्यांच्या निर्मात्यांवर मोटारसायकलीला लागू असणाऱ्या दिवे, ब्रेक, टायर इत्यादींच्या अटी येत होत्या. १९९८ च्या वाहतूकविषयक कायद्यात मध्यवर्ती सरकारने प्रथमच विद्युत्-सायकलीची व्याख्या केली. परंतु ती केवळ मध्यवर्ती निधीतून बांधलेल्या सायकल-मार्गांपुरती होती. १०० पौंडांहून कमी वजन आणि मोटरच्या बळावर ताशी २० मैलांहून अधिक नसलेला वेग, ही तिची लक्षणे होत.

४. सन २००२ चा मध्यवर्ती कायदा

४ डिसेंबर २००२ रोजी अमलात आलेल्या कायद्याने या प्रश्नाचा एक भाग निकालात काढला. ‘मंदगती विद्युत्-सायकल’ ही नवी संज्ञा त्याने निर्माण केली. दोन किंवा तीन चाके, पूर्णपणे कार्यक्षम पायडल, ७५० वॅटहून कमी शक्तीची मोटर, आणि १७० पौंड वजनाचा स्वार सपाट फरसबंद रस्त्यावर केवळ मोटरच्या बळावर जात असता ताशी २० मैलांहून, म्हणजे सुमारे ३२ किलोमीटरहून, कमी वेग अशी तिची व्याख्या करण्यात आली. अशी गाडी मोटार-वाहन समजली जाणार नाही. तिच्या सुरक्षिततेची देखरेख सायकलीप्रमाणेच ग्राहकोपयोगी वस्तूंच्या सुरक्षा-आयोगाकडे राहील, असे ठरले.

या व्याख्येतील तीन बारकावे पुढील इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहेत. पहिला, ७५० वॅट हा आकडा. कायद्यातच त्यापुढे कंसात एक अश्वशक्ती असे दिलेले आहे. एक अश्वशक्ती म्हणजे सुमारे ७४६ वॅट. म्हणजे एका घोड्याची कामशक्ती हे जुने परिमाण दशमान पद्धतीत पूर्णांकाला आणून हा आकडा तयार झाला. युरोपीय संघाने त्याच वर्षी स्वीकारलेली २५० वॅट व ताशी २५ किलोमीटर ही मर्यादा याहून पुष्कळच कमी आहे. दुसरा बारकावा, ‘केवळ मोटरच्या बळावर’ हा शब्दप्रयोग. जुन्या संहितांत ‘केवळ’ हे विशेषण मानवी बळाला जोडलेले होते. येथे ते मोटरला जोडले गेले. परिणामी पाय आणि मोटर या दोहोंच्या संयुक्त बळाने किती वेग गाठावा, याविषयी हा कायदा मौन बाळगतो. ताशी २८ मैलांचा वर्ग पुढे निर्माण झाला तो याच मौनाच्या आधारावर. तिसरा बारकावा म्हणजे या कायद्याची मर्यादा. याहून कडक असलेले राज्यांचे नियम रद्दबातल होतील असे कलम त्यात आहे. परंतु त्याचा संबंध वस्तूच्या घडणीशी आहे. ती रस्त्यावर कोणी, कोठे व कशी चालवावी, हे ठरवण्याचा राज्यांचा अधिकार अबाधित राहिला.

यातून एक विलक्षण स्थिती उद्भवली. तीच गाडी दुकानात सायकल म्हणून कायदेशीरपणे विकली जाई, आणि दुकानाच्या पायऱ्या उतरून रस्त्यावर आली की विनानोंदणी मोटार-वाहन ठरे. विकणारा निर्धास्त असे. जबाबदारी येई ती विकत घेणाऱ्यावर. राज्याचे कायदे समजून घेण्याची निकड सामान्य स्वाराला वाटू लागली ती येथून.

५. कॅलिफोर्नियाचे तीन वर्ग

या स्थितीतून वाट काढण्याचा सर्वांत प्रभावी प्रयत्न कॅलिफोर्नियात झाला. तेथे पूर्वी १,००० वॅटपर्यंतची विद्युत्-सायकल ‘मोटरयुक्त सायकल’ या संज्ञेखाली, मोपेडच्या शेजारीच, एका पोटकलमात बसवलेली होती. परवान्यातून तिला सूट होती, परंतु स्वार १६ वर्षांचा असणे व हेल्मेट घालणे आवश्यक होते. ऑक्टोबर २०१५ मध्ये संमत होऊन १ जानेवारी २०१६ पासून अमलात आलेल्या कायद्याने ही व्यवस्था मोडून तीन वर्ग केले. विधानसभा-सदस्य डेव्हिड चू यांनी मांडलेल्या या विधेयकामागे सायकलउद्योगातील संघटनांचा पुढाकार होता.

पहिल्या वर्गात पायडल मारीत असतानाच साहाय्य करणारी व ताशी २० मैलांवर साहाय्य थांबवणारी गाडी येते. दुसऱ्या वर्गातील गाडी पायडल न मारता, मुठीतील थ्रॉटलनेही चालू शकते, वेगमर्यादा तीच. तिसऱ्या वर्गात साहाय्य पायडल मारीत असतानाच मिळते, परंतु ते ताशी २८ मैलांपर्यंत, म्हणजे सुमारे ४५ किलोमीटरपर्यंत, चालू राहते. या वर्गासाठी वेगदर्शक यंत्र, १६ वर्षे वय आणि हेल्मेट या अटी घातल्या गेल्या. तिन्ही वर्गांना परवाना, नोंदणी व विमा यांतून सूट मिळाली.

या वर्गीकरणाचे महत्त्व वेगाच्या आकड्यांपेक्षा त्यामागील तत्त्वात आहे. जुनी व्याख्या शक्तीचा उगम विचारीत होती. २००२ ची व्याख्या शक्तीचे प्रमाण विचारीत होती. २०१५ ची व्याख्या माणूस आणि यंत्र यांच्यातील संबंध विचारते. पाय थांबले की मोटर थांबते की नाही, हा तो प्रश्न होय. व्याकरणाच्या परिभाषेत बोलावयाचे, तर पहिल्या व तिसऱ्या वर्गांत स्वार कर्ता असून मोटर करण आहे. दुसऱ्या वर्गात मोटरलाही स्वतंत्र कर्तृत्व प्राप्त होऊ शकते. याच भेदामुळे पुढे अनेक उद्यानांनी व वनमार्गांनी पहिल्या वर्गाला प्रवेश दिला आणि दुसऱ्याला नाकारला.

वर्ग ओळखण्याचे साधन म्हणून १ जानेवारी २०१७ पासून प्रत्येक गाडीवर निर्मात्याने कायमचे लेबल लावण्याची सक्ती झाली. त्यावर वर्गाचा क्रमांक, साहाय्याची कमाल वेगमर्यादा आणि मोटरची शक्ती छापावी लागते. अक्षरांचा साचा कोणता व आकार किमान किती, हेसुद्धा कायद्यात सांगितलेले आहे. गाडीत फेरफार करून तिचा वेग बदलणे निषिद्ध ठरले, परंतु लेबलही त्याप्रमाणे बदलल्यास मूळ तरतुदीनुसार तो निषेध लागू होत नसे.

यूटा व टेनेसी यांनी २०१६ मध्ये, कोलोरॅडोने २०१७ मध्ये आणि वॉशिंग्टन राज्याने २०१८ मध्ये ही पद्धत उचलली. त्यानंतर बहुसंख्य राज्ये त्याच मार्गाने गेली. तथापि एकरूपतेचा हा भास पुरता खरा नाही. मॅसॅच्युसेट्सने २०२२ साली पहिल्या दोनच वर्गांना सायकलीच्या बाजूला घेतले. न्यू जर्सीने २०१९ च्या कायद्यात ताशी २० मैलांपर्यंतच्या गाडीला सायकल मानले, आणि त्याहून वेगवान गाडीला ‘मोटरयुक्त सायकल’ मानून परवाना व नोंदणी आवश्यक केली. ऑरिगनमध्ये दीर्घकाळ १,००० वॅटची मर्यादा व १६ वर्षांची अट होती. राज्याची सीमा ओलांडणाऱ्या स्वाराची गाडी तीच राहते, पण तिचे नाव बदलते.

६. न्यूयॉर्कचा अनुभव

व्याख्येची किंमत माणसाला किती मोजावी लागते, याचे सर्वांत बोलके उदाहरण न्यूयॉर्कमध्ये आढळते. वर उल्लेखिल्याप्रमाणे तेथील राज्य-कायद्यानुसार स्नायुबळाखेरीज अन्य शक्तीने चालणारे ते मोटार-वाहन. मोटार-वाहन म्हटले की नोंदणी आली. परंतु मोटारसायकलीची आवश्यक उपकरणे नसल्यामुळे नोंदणी-खाते विद्युत्-सायकलीची नोंदणी करीत नसे. दुसरीकडे न्यूयॉर्क शहराच्या नियमांत ‘मोटरयुक्त स्कूटर’ चालवण्यास मनाई होती, आणि तिच्या व्याख्येत हँडल असलेले, मानवी बळावाचून मोटरने चालू शकणारे व राज्याकडे नोंदणी होऊ न शकणारे साधन अशी लक्षणे होती. राज्य नोंदणी करीत नाही म्हणून शहर निषिद्ध मानते, आणि नोंदणी करून घेण्याची सोय तर कोठेच नाही, असे हे चक्र होते.

या चक्रात सापडला तो उपाहारगृहांतील अन्न घरोघर पोहोचवणारा कामगार. या व्यवसायात चीन, मेक्सिको, ग्वाटेमाला, बांगलादेश आदी देशांतून आलेल्या लोकांचा भरणा मोठा. दिवसाला दहा-बारा तास सायकल हाकणाऱ्या, त्यातही वय झालेल्या कामगाराला मोटरचे साहाय्य ही चैन नव्हती. तीवर त्याचे पोट होते. २०१७ च्या ऑक्टोबरात महापौर बिल डि ब्लाझिओ यांनी जानेवारी २०१८ पासून अधिक कडक कारवाई करण्याचे जाहीर केले. जप्त केलेली गाडी सोडवण्यासाठी ५०० डॉलरपर्यंत दंड भरावा लागे. कामगार-संघटनांनी व सायकल-संस्थांनी विरोध केल्यावर २०१८ मध्येच शहराच्या वाहतूक-खात्याने नियम करून पायडल-साहाय्याच्या गाड्या कायदेशीर असल्याचे स्पष्ट केले. या खुलाशाचा आधार होता ‘मानवी बळावाचून’ हा शब्द : पाय मारल्यावाचून जी चालतच नाही, ती गाडी त्या व्याख्येत येत नाही. हा अर्थ शुद्ध होता. पण कामगारांपाशी होत्या त्या गाड्या प्रायः थ्रॉटलच्या. शब्दाचा लाभ झाला तो ज्यांना नवी गाडी घेणे परवडत होते त्यांना.

जून २०१९ मध्ये राज्य-विधिमंडळाने थ्रॉटलच्या गाड्यांनाही मान्यता देणारे विधेयक मोठ्या बहुमताने संमत केले. डिसेंबरात गव्हर्नर अँड्र्यू कुओमो यांनी सुरक्षिततेच्या तरतुदी अपुऱ्या असल्याचे कारण देऊन त्यावर नकाराधिकार वापरला. मार्च २०२० मध्ये साथीमुळे उपाहारगृहांतील पंगती उठल्या आणि सारे शहर घरपोच अन्नावर विसंबू लागले, तेव्हा शहराने कारवाई थांबवली. ज्याची गाडी कालपर्यंत जप्त होत होती, तोच कामगार आता अत्यावश्यक गणला गेला. एप्रिल २०२० च्या राज्य-अर्थसंकल्पात मान्यतेची तरतूद झाली आणि ऑगस्टपासून ती अमलात आली.

न्यूयॉर्कने तीन वर्गांची चौकट घेतली खरी, परंतु तिसऱ्या वर्गाचा आशय बदलून. तेथे तिसरा वर्ग म्हणजे थ्रॉटलने ताशी २५ मैलांपर्यंत जाणारी गाडी, आणि तिला परवानगी दहा लाख वा अधिक लोकसंख्येच्या शहरातच आहे. असे शहर त्या राज्यात एकच. कायद्याने शहराचे नाव घेतले नाही, तरी अन्न पोहोचवणाऱ्यांच्या अस्तित्वात असलेल्या गाड्यांना नाव देण्यासाठीच हा वर्ग घडवला गेला हे उघड आहे. परिणाम असा, की ‘तिसरा वर्ग’ या एकाच संज्ञेचा अर्थ कॅलिफोर्नियात एक आणि न्यूयॉर्कमध्ये दुसरा आहे.

७. व्याख्येवरील नवे ताण

सार्वजनिक भूमीच्या बाबतीत हाच भेद मध्यवर्ती सत्तेच्या अंतर्गतही दिसून येतो. २९ ऑगस्ट २०१९ रोजी अंतर्गत-व्यवहार मंत्री डेव्हिड बर्नहार्ट यांच्या आदेशाने राष्ट्रीय उद्यानांसह त्या खात्याच्या अखत्यारीतील भूमीवर विद्युत्-सायकलीला सायकलीजवळचे स्थान देण्याचे धोरण ठरले; पुढे २०२० च्या नियमांनी स्थानिक अधिकाऱ्यांना मार्ग खुले करण्याचा विवेकाधिकार दिला. याउलट कृषिखात्याच्या अधीन असलेली वनसेवा मात्र, २०२२ च्या आपल्या मार्गदर्शक सूचनांनंतरही, विद्युत्-सायकलीला मोटार-वाहनच समजते. डोंगरातील एकाच पायवाटेचा अर्धा भाग एका खात्याचा व अर्धा दुसऱ्याचा असेल, तर वाटेच्या मध्यावर सायकलीचे मोटार-वाहन होते.

दुसरा ताण वस्तूच्या बाजूने आला. वर्गाचे लेबल निर्माता स्वतः लावतो. बाजारात अशा गाड्या आल्या, की ज्यांवर दुसऱ्या वर्गाचे लेबल असे, पण नियंत्रकातील एखादी मर्यादा उठवली की त्या त्याहून कितीतरी वेगाने धावत. पायडल असूनही ती मारण्याच्या कामाची नसत, केवळ व्याख्येची पूर्तता म्हणून बसवलेली असत. मोटरची ७५० वॅट ही शक्ती अखंड चालण्याची की क्षणिक कमाल, याविषयीही जुन्या शब्दांत स्पष्टता नव्हती. शाळकरी मुलांच्या हाती अशा गाड्या गेल्याने अपघातांची चिंता वाढली. कॅलिफोर्नियाने २०२४ मध्ये संमत केलेल्या व १ जानेवारी २०२५ पासून अमलात आलेल्या कायद्याने पहिल्या व तिसऱ्या वर्गांच्या गाड्यांवर थ्रॉटल असू नये हे स्पष्ट केले. अपवाद तो गाडी हाताने ढकलताना मिळणाऱ्या ताशी ३.७ मैलांपर्यंतच्या साहाय्याचा. वेग वाढवण्याची साधने विकण्यावरही त्याच वर्षी निर्बंध आला, आणि मरिन परगण्याला १६ वर्षांखालील मुलांना दुसऱ्या वर्गाची गाडी चालवण्यास मनाई करण्याचा प्रायोगिक अधिकार मिळाला. त्याच दुरुस्तीत ‘७५० वॅटहून कमी’ या जागी ‘७५० वॅटहून अधिक नसलेली’ असा बदल झाला. नेमक्या ७५० वॅटची मोटर त्यामुळे राज्याच्या व्याख्येत बसते, आणि २००२ च्या मध्यवर्ती व्याख्येच्या शब्दशः अर्थाबाहेर राहते.

तिसरा ताण व्याख्येच्या कक्षेबाहेरूनच उद्भवला. वेग, शक्ती, पायडल, थ्रॉटल या सर्वांचा विचार झाला. बॅटरीचा झाला नाही. २०२३ साली न्यूयॉर्क शहरात लिथियम-आयन बॅटऱ्यांमुळे लागलेल्या आगींत १८ जणांचा मृत्यू झाला. त्याच वर्षीच्या सप्टेंबरपासून त्या शहरात प्रमाणित विद्युत्-यंत्रणा नसलेल्या विद्युत्-सायकली विकण्यास मनाई झाली. रस्त्यावर ही गाडी काय आहे याची चर्चा दीडशे वर्षांच्या जुन्या शब्दांनी चालू असता, ती घरात काय आहे हा प्रश्न असा मागाहून पुढे आला.

८. समारोप

या इतिहासातून काही निष्कर्ष काढणे शक्य आहे. ‘सायकल’ या संज्ञेची कसोटी चार वेळा बदलली : प्रथम ती गाडीशी असलेल्या साम्यावर ठरली, नंतर बळाच्या उगमावर, नंतर बळाच्या प्रमाणावर, आणि अखेरीस माणूस व यंत्र यांच्या परस्परसंबंधावर. प्रत्येक नव्या कसोटीने जुनी पूर्णतः रद्द केली नाही. त्यामुळे आजच्या कायद्यांत चारही थर एकावर एक साचलेले दिसतात. कॅलिफोर्नियाच्या संहितेत सायकल म्हणजे केवळ मानवी बळाने चालणारे साधन, हे जुने वाक्य आजही आहे, आणि त्याच कलमात विद्युत्-सायकल ही सायकलच होय, हे नवे वाक्यही आहे. तर्कदृष्ट्या ही विसंगती वाटेल. परंतु कायद्यातील व्याख्या ही वस्तूचे वर्णन करण्यासाठी क्वचितच असते. कोणाला कोणत्या ओझ्यातून मुक्त करावयाचे, हे सांगण्यासाठी ती असते. ‘सायकलच होय’ याचा अर्थ, या स्वाराकडून परवाना मागू नये, एवढाच.

म्हणून अमेरिकेत विद्युत्-सायकल वापरू इच्छिणाऱ्याने आपल्या राज्याचा कायदा वाचताना नावावर न थांबता तीन गोष्टी निरनिराळ्या तपासणे इष्ट ठरते. गाडीचा वर्ग कोणता व लेबलावरील आकडे तिच्या प्रत्यक्ष वर्तनाशी जुळतात काय, ही पहिली. स्वाराचे वय, हेल्मेट व परवाना यांविषयी त्या राज्याच्या अटी कोणत्या, ही दुसरी. आणि जो मार्ग वापरावयाचा तो राज्याचा, शहराचा की मध्यवर्ती खात्याचा, ही तिसरी. एका ठिकाणचे ‘होय’ दुसऱ्या ठिकाणी चालत नाही.

न्यूयॉर्कमधील कामगारांच्या अनुभवावरून आणखी एक गोष्ट दिसून येते. तेथे २०१८ ते २०२० या काळात गाडी बदलली नाही, रस्ता बदलला नाही, चालवणारा माणूसही बदलला नाही. बदलला तो फक्त शब्दाचा अर्थ, आणि तो बदलण्यास शहराला त्या माणसाची गरज भासावी लागली. १८८७ मध्ये सुखवस्तू सायकलस्वारांच्या संघटनेने जे नाव मागून घेतले, ते मिळवण्यासाठी त्यांच्या पाठीशी वजनदार माणसे होती. अन्न पोहोचवणाऱ्याला तेच नाव उशिरा मिळाले, आणि मिळेपर्यंत त्याने प्रत्येक जप्तीच्या वेळी त्याची किंमत भरली. व्याख्या करणाऱ्यांनी व्याख्येच्या सीमेवर कोण उभे आहे हे आधी पाहावे, असा या इतिहासाचा अर्थ घेतला तर तो वावगा ठरणार नाही.